झाडलेलं रान

मार्चचा पाऊस आमच्या टेकडीवर एप्रिल संपता संपता आला, आणि चार दिवस राहून परागंदा झाला. मामाची नाचणी दोनदा पेरून दोनदा करपली. तिसऱ्यांदा पेरायला बी उरलं नव्हतं, म्हणून मामा दिवसभर ओट्यावर कुदळीचा दांडा तासत बसायचा. दांड्याला काही झालेलं नव्हतं. मामा तासत राहिला आणि दांडा बारीक होत राहिला. शेवटी मामी म्हणाली, आता ह्यानं शेत खणायचं का दात कोरायचे?

अशा वेळी ऊसवाला यायचाच. अमूती त्याचं नाव. माणूस आमच्याच बाजूचा, पलीकडच्या टेकडीवरचा, पण ऊसकंपनीत लागल्यापासून मोटरसायकल आणि नवे कोरे बूट आले होते. जिभेला मात्र मध. पलीकडची सगळी टेकडी त्याने उसाखाली आणली होती आणि आता त्याचा डोळा मामाच्या रानावर होता. घरामागून सुरू होऊन उतारावरून थेट ओहोळापर्यंत गेलेलं बारा एकर रान. मुवुले, मुसिझी असे उंच वृक्ष, रानअंजीर, खाली झुडपं, वेली, आणि फणस पिकले की हजेरी लावणारे चिंपांझी. मामाच्या वडिलांनी ते राखलं, म्हणून मामानेही राखलं. का राखायचं ते दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही.

अमूती म्हणाला, मामा, तोडायचं आम्ही, मुळं काढायची आम्ही, ट्रॅक्टर आमचा, बेणं आमचं. तुम्ही नुसतं हो म्हणा.

मामा हो म्हणाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच्या बहिणीची मुलगी. आमच्या भागात रानाच्या मालकांनी मिळून एक संघ काढला आहे, त्या संघाने मला एक सायकल, मोजायची एक फीत आणि तक्त्यांची एक गुंडाळी दिली आहे. टेकडी टेकडी फिरायचं आणि उभं रान काय काम करतं ते मालकांना समजावून सांगायचं, ही माझी नोकरी. हवा का तापते, पाऊस वाट का चुकतो, झाड हवेतला कार्बन कसा धरून ठेवतं, आणि तो तसा धरून ठेवला तर दूरदेशीचे लोक रानाच्या मालकाला वर्षावर्षाला मोबदला का देतात. त्याआधी रान मोजायला बाई येते. मामाच्या रानाचा अर्ज मीच भरला होता.

मामा अमूतीला म्हणाला, "महिन्याभरात मापणारी बाई येणार हाय. ती नको म्हणाली, तर तुझा ट्रॅक्टर आण."

मामाचा शब्द म्हणजे शब्द. एकदा केळ्याच्या दारूच्या तारेत त्याने शेजाऱ्याला बकरी कबूल केली होती आणि सकाळी शुद्धीवर आल्यावर स्वतः नेऊन बांधली होती. शेजाऱ्याला तर आठवतही नव्हतं. आता बाईने नाक मुरडलं की रान गेलं. त्या रानात मी लहानाची मोठी झाले. पडलेल्या मुवुलेच्या ओंडक्यावर बसून मी पहिल्यांदा जांभळ्या किड्याला घाबरले आणि पहिल्यांदा खोटं बोलले. ते रान जायला नको होतं मला, नोकरी गेली तरी चाललं असतं.

शिकवणी मामीच्या अंगणात ठेवली. मामीला सगळी टेकडी अब्वोली म्हणते. आमच्याकडे आदराने हाक मारायची ती अशा लाडनावाने, खरं नाव फक्त सरकारी कागदावर. मला अत्वोकी म्हणतात. तर अब्वोलीचं अंगण. तांबड्या मातीचं, उजाडायच्या आत एकदा आणि उन्हं कलली की एकदा झाडलेलं, केरसुणीच्या रेघा एकीला एक लागून. कोंबड्यासुद्धा तिथे पाय उचलून चालायच्या. सून पसंत करायला गेली तेव्हा मामीने केमिगिसाचं तोंड नंतर पाहिलं, आधी तिच्या आईचं अंगण पाहिलं.

अकरा माणसं चटयांवर बसली. मी चुलीतला एक विझलेला कोळसा उचलून सगळ्यांच्या हातावर फिरवला. म्हटलं, लाकडातलं पाणी गेलं, धूर गेला, हे काळं उरलं. ह्याचं नाव कार्बन. हे झाडाने मातीतून घेतलं नाही, हवेतून खाल्लं.

मामी म्हणाली, "हवा खाऊन कुणी जाडजूड होतं व्हय? तसं असतं तर तुझा मामा आतापावतर दारात मावला नसता."

बायका हसल्या. मामाने दांडा तासणं चालू ठेवलं. मग त्याने विचारलं की मोबदला देणारे हे लोक झाडं नेणार का. नाही म्हटलं. हवा नेणार का? तीही नाही. मग विकत घेणार तरी काय?

मी म्हटलं, "तुम्ही काही करायचं नाही, ह्याचा मोबदला, मामा. तोडायचं नाही, जाळायचं नाही. रान आहे तसं राहू द्यायचं."

"काही न करण्याचा?" मामी म्हणाली. "अगं बया. काही न करणारा माणूस चाळीस वर्षं मी सांभाळते हाय, मला कुणी एक शिलिंग दिला न्हाई."

त्यानंतर शिकवणी हातात राहिली नाही. कसेबसे चार तक्ते दाखवले. पहिला मोठी झाडं, दुसरा मुळं, तिसरा माती, चौथा पाऊस. पाचवा तक्ता उलगडणार एवढ्यात मामी स्वयंपाकाला उठली, तिच्यामागे बायका उठल्या, आणि मी तो तसाच गुंडाळून ठेवला. एक तक्ता राहिला तर आभाळ कोसळणार आहे का, असं मनाशी म्हटलं. जाता जाता सांगितलं, पुढच्या मंगळवारचा पुढचा मंगळवार, पाहुणी रान बघायला येईल.

आणि मी दुसऱ्या टेकड्यांवर निघून गेले.

दहा-बारा दिवसांनी, सोमवारी दुपारी परत आले. सायकल घराशी टेकवून मागे गेले, आणि पायवाट चुकले असं वाटलं. समोर रान होतं, पण त्याच्या आरपार दिसत होतं. मोठी झाडं एकेकटी उभी होती, अंगावरच्या वेली ओरबाडून काढलेली, वारुळं खरवडलेली, लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीला घासून आंघोळ घालतात तशी. खाली झुडूप नाही, रोपटं नाही, पान नाही. नुसती तांबडी माती, आणि मातीवर केरसुणीच्या रेघा.

मामीने रान झाडून काढलं होतं.

ते कसं झालं ते केमिगिसाने मला तळहातावरचे फोड दाखवत सांगितलं. पाहुणी येणार, ती घर बघायला नाही तर रान बघायला, हे कळल्यावर मामीला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी ती वाडीतल्या आठ बायका जमवून विळे घेऊन रानात शिरली. पहिले दोन दिवस झुडपं कापली. कमरेत वाकून वाकून बायकांना सरळ उभं राहता येईना. तिसऱ्या दिवशी रोपटी उपटली, कारण मामी म्हणाली, ही पोरंटोरं पाहुण्यांच्या पायात येतात. चौथ्या दिवशी चार गडी बोलावून मुवुलेचा तो जुना ओंडका करवतीने कापला आणि ओढून नेऊन जाळला. धूर तीन दिवस होता. मग पानं. पाट्या भरभरून पानं केळीच्या बागेत नेऊन टाकली, बुंध्यांना ओल राहील म्हणून. शेवटी केरसुण्या. सगळं रान व्हायचं नव्हतं, हात मोडले. पण घरापासून ओहोळाच्या झऱ्यापर्यंतचा अर्धा उतार झाला होता.

मामी एका झाडाला टेकून उभी होती, हातात केरसुणी. तोंड घामाने आणि मातीने बरबटलेलं, डोळे मात्र लखलखत होते.

"कसं वाटतं?" तिने विचारलं. "आता पाहुणीनं मातीवर जेवण वाढून घेतलं तरी चालंल."

मला हसावं की रडावं कळेना. पाचव्या तक्त्यावर काय होतं ते मला तोंडपाठ होतं. पडलेली पानं, कुजकं लाकूड, नवी रोपटी. हेही मोजतात, हेही रानच. आणि मी काय केलं? म्हटलं, छान झालंय, मामी. एवढीच माझी हिंमत.

संध्याकाळी मामा बकऱ्यांना पाणी पाजत होता, तेव्हा त्याला खरं सांगितलं. त्याने बकरीपुढची बादली सरळ केली. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मला कळलं की तो हसतोय. हसणं ओसरल्यावर म्हणाला, तिला सांगू नको. आठ दिवस तिनं कंबर मोडून घेतली, एक दिवस तरी तिला खूश राहू दे.

मंगळवारी मापणारी बाई आली. नास्सुना नावाची, कंपालाची, वयाने माझ्याएवढी. गंबूट घालून आली होती हे मला आवडलं. मामीने तिला अंगणात बसवलं, चघळायला कॉफीच्या बिया पुढे केल्या आणि लाडनाव विचारलं. कंपालाकडे अशी नावं नसतात. मामीने तिथल्या तिथे तिला अद्येरी करून टाकलं. बाई लाजली, पण दिवसभर त्या नावाला ओ देत राहिली.

मापणी आधी न झाडलेल्या बाजूला झाली. छातीच्या उंचीवर बुंध्याला फीत गुंडाळायची, आकडा लिहायचा. मामा फितीचं एक टोक धरून प्रत्येक झाडाला कवेत घेत होता, आणि घेर मोठा निघाला की नातवाचं वजन वाढल्यासारखा खूश होत होता. मग बाईने जमिनीवर लाकडी चौकट टाकली आणि आतलं सगळं गोळा करून पिशवीत भरलं. पानं, काटक्या, बुरशी आलेली साल. पिशवी भरून दुसरी लागली. ती काट्यावर टांगून तोलली.

मामी मला हळूच म्हणाली, बाई मोठी स्वच्छ दिसते, आल्याआल्या केर भरायला लागली.

मग आम्ही झाडलेल्या बाजूला आलो. बाई थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी गंबुटांकडे पाहिलं. तिने चौकट टाकली आणि उकिडवी बसली. चौकटीत एक मुंगी होती. तीही बाहेर निघून गेली. बाईने वहीत शून्य लिहिलं. रोपट्यांपुढे शून्य लिहिलं. पडलेल्या लाकडापुढे शून्य लिहिलं.

"काय लिहिलंस, अद्येरी?" मामीने विचारलं.

बाई भल्या घरची असावी. ती उभी राहिली, मामीचा हात हातात घेतला आणि सावकाश सांगितलं, की पान पडतं ते वाया जात नाही. त्यात कार्बन असतो, त्याची माती होते, ती पाणी धरते. कुजकं लाकूड तसंच. आणि रोपटी म्हणजे पुढचं रान.

"म्हणजे तुम्ही केर मोजता?" मामी म्हणाली.

"हो, आई. केरही मोजतो."

आठही बायका तिथे उभ्या होत्या. एकीने तोंडाला पदर लावला, दुसरी आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मामीचा चेहरा उतरला. माझ्या आठवणीत ती कधी कुणापुढे खाली मान घालून उभी राहिली नव्हती. मला माझीच लाज वाटली, आणि अजून वाटते.

जेवणं झाल्यावर बाईने निकाल सांगितला. अर्धं रान मोडल्यासारखं दिसतं आहे, त्यामुळे यंदा नोंद करता येणार नाही. पण नाही म्हणत नाही. आहे तसं सोडा, पुढच्या पावसानंतर मी पुन्हा येऊन मोजेन. मामाने मान हलवली. मामी आत भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा घासत होती.

अशा बातमीला पाय लागतात. संध्याकाळपर्यंत अमूतीला कळलं, आणि त्याचा निरोप आला की शुक्रवारी येतो, सीमा आखायला खुंट्या घेऊन येतो.

बुधवारी मामीने अंगण तीनदा झाडलं. मामा ओट्यावर बसून होता. मी त्याला विचारलं, आता काय करायचं? तो म्हणाला, शब्द दिलाय, विचार करू दे. त्याच्या तोंडावरून मला काही आशा दिसली नाही.

गुरुवारी दुपारी एक सर आली. फार नाही, भाकरी थापून व्हावी एवढा वेळ. ती थांबल्यावर मामी डबा घेऊन झऱ्यावर गेली, आणि जरा वेळाने तिची हाक आली. हाक अशी होती की मी अनवाणी पळत गेले.

झऱ्यावर दोन्ही बाजूंच्या उतारांचं पाणी उतरतं. मामी मध्ये दगडावर उभी होती. तिच्या उजव्या हाताला न झाडलेला उतार, तिथून पाणी थेंबथेंब येत होतं, स्वच्छ. डाव्या हाताला तिने झाडलेला उतार. तिथून पाण्याचा लोट येऊन गेला होता आणि झरा तांबडा गढूळ करून गेला होता. केरसुणीच्या रेघांच्या जागी बोट बुडेल एवढे चर पडले होते.

तिने मला काही समजावू दिलं नाही. उजव्या बाजूला जाऊन तिने पानांच्या थरात हात खुपसला, मनगटापर्यंत गेला. बाहेर काढला तो ओला आणि काळा. मग डाव्या बाजूला मातीवर हात ठेवला. नुकती सर येऊन गेली तरी वरचा पापुद्रा सोडला तर खाली माती कोरडी ठणठणीत.

"हे तू सांगितलं न्हाईस," ती म्हणाली.

"नाही सांगितलं, मामी. पाचव्या तक्त्यावर होतं."

"आणि तू तो गुंडाळलास."

"तू स्वयंपाकाला उठलीस म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कानफटात बसते. पण तिला हसू फुटलं. दगडावर बसून डबा मांडीत घेऊन ती हसत राहिली आणि मधेच डोळे पुसू लागली. मीही तिच्याजवळ बसून तेच केलं. उठताना म्हणाली, चाळीस वर्षं ह्या झऱ्याचं पाणी भरते, आणि माझ्याच हातानं ते नासलं.

घरी जाऊन ती मामापुढे उभी राहिली. त्याच्या लाडनावाने हाक मारून म्हणाली, अपूली, तुमचा शब्द काय व्हता तो मला पुन्यांदा सांगा.

मामाने सांगितलं. बाई नको म्हणाली तर ट्रॅक्टर.

"मग बाई नको म्हणाली का?"

मामाने हातातला विळा खाली ठेवला. दोन दिवस तो ह्याच खुंटीभोवती फिरत होता, हे मला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "न्हाई. पुढच्या सालाला म्हणाली." आणि जरा थांबून, "म्या शब्द मोडत न्हाई."

शुक्रवारी तांबडं फुटताच पानं परत नेण्याचं काम सुरू झालं. केळीच्या बागेतून पाट्या भरायच्या, अंगणातून जायचं, आणि उतारावर हातांनी पसरायची, झऱ्याच्या वरच्या अंगाला आधी. अशी परत नेलेली पानं बाई वहीत धरणार नाही, हे मी मामीला सांगितलं. ती म्हणाली, बाईसाठी न्हाई, पाण्यासाठी. त्याच आठ बायका आल्या होत्या आणि त्यांच्या जिभा सुटल्या होत्या. म्हातारीनं आधी केर काढायला लावला, आता केर करायला लावते. उद्या म्हणेल झाडावरची पानं धुऊन वाळत घाला. मामी ऐकून घेत होती. मामानेही पाटी डोक्यावर घेतली, जे आमच्याकडे पुरुष करत नाहीत, आणि बायकांनी त्याला कुठल्या घरची सून म्हणून विचारलं.

केळीची बाग अंगणाच्या एका बाजूला, रान दुसऱ्या बाजूला. प्रत्येक खेपेला पानं सांडत होती. दहा वाजेपर्यंत अब्वोलीचं अंगण दिसेनासं झालं. ओट्यावर पानं, चुलीजवळ पानं, कोंबड्या त्यात पाय मारून किडे शोधताहेत. केरसुणी कोपऱ्यात उभी आणि कुणाला तिची आठवण नाही.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला, आणि फाट्यावरच बंद झाला. अमूती गाडी तिथेच लावून चालत आला. त्याने अंगण पाहिलं, आणि जागच्या जागी उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. खुंट्यांची जुडी हळूच कुंपणाआड टेकवून ठेवली. मग पाय न वाजवता येऊन अंगणाच्या कडेला जमिनीवर बसला, नवे बूट पोटाशी घेऊन.

आमच्याकडे घरात मयत झालं की चार दिवस अंगण झाडत नाहीत. आणि अब्वोलीचं अंगण झाडलेलं नाही, असा दिवस अमूतीने जन्मात पाहिला नव्हता.

मामा पाटी घेऊन आला. घामाने निथळत होता, दम लागलेला, डोळे पाटीतल्या धुळीने लाल. अमूती उठला, त्याने मामाचे दोन्ही हात धरले आणि मान खाली घातली. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. ऊसवाला असला तरी आतून आपल्यातलाच होता. मामा गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला. बायका पाट्या घेऊन जागोजाग थांबल्या.

अमूती मामीकडे वळला. आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, "अब्वोली, कोण गेलं?"

मामीने पाटी खाली ठेवली. हात झटकले. पानांच्या धुळीने तिला शिंक आली, ती तिने देऊन घेतली.

"कुणी गेलं न्हाई, बाबा," ती म्हणाली. "जाणार व्हतं. राहिलं."